खांबामागची खुर्ची

त्या शनिवारी पंचवीस माणसं भरली नाहीत आणि 'झरोका फिल्म सोसायटी' कायमची बंद पडली.

हे वाक्य वाचलं असेल तर कृपया विसरून जा. मी विसरलो आहे. त्या संध्याकाळी सोसायटी ठणठणीत होती, मी तिचा सेक्रेटरी होतो, आणि सांगलीच्या अण्णाजी मोहोळकर सांस्कृतिक भवनात, तळमजल्यावरच्या हॉल नंबर दोनच्या दारात उभा राहून माणसं मोजत होतो.

"किती?" शिराळकर मॅडमनी आतून विचारलं.

"येतायत."

"येतायत का, असं मी विचारलं नाही."

"एकोणीस."

"तू धरून?"

"मला मॅनेजर चौगुले धरत नाहीत मॅडम."

"आणि ऑपरेटर?"

"त्यालाही नाही."

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून मॅडमनी ही सोसायटी चालवली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण ऑपरेशनची तारीख दर वेळी कुठल्या ना कुठल्या चित्रपटाच्या तारखेला यायची आणि चित्रपट जिंकायचा. सोसायटी बंद पडली तर काय करायचं हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. "लेकीकडे जाईन पुण्याला. बाराव्या मजल्यावर बाल्कनी आहे तिची. कढीपत्ता लावीन." हे त्या अशा आवाजात सांगायच्या की ऐकणाऱ्याला कढीपत्त्याचीही काळजी वाटावी.

माझंही तसंच होतं. त्या काळात मला नोकरी नव्हती, पद होतं. पाहुण्यांनी "सध्या काय करतोस?" विचारलं की वडील माझ्याआधी "सेक्रेटरी आहे" म्हणायचे आणि कशाचा ते विचारायच्या आत चहा पुढे करायचे.

तर अट अशी होती. भवनाच्या विश्वस्तांनी महिन्यातून एक शनिवार आम्हाला हॉल दिला होता, पण किमान पंचवीस प्रेक्षक भरले पाहिजेत. सलग तीनदा कमी भरले तर हॉल काढून घेणार. आधीच्या महिन्यात चोवीस भरले होते, त्याच्या आधीच्या महिन्यातही चोवीस. ही तिसरी खेप होती.

मोजणी मध्यंतरात व्हायची. आमच्या चित्रपटांना मध्यंतर नसतं, पण भवनाच्या नियमात होतं, कारण भवनाला कॅन्टीन होतं. त्यामुळे पडद्यावर कुणी कितीही मरणाच्या दारात असलं तरी बरोबर मध्यावर दिवे लागायचे आणि कांदाभजीचा वास यायचा. मग व्यवस्थापक चौगुले दारात येऊन उभे राहायचे आणि हातातल्या पेनानं एकेक डोकं हवेत टिपायचे. आत यायचे नाहीत. दारातूनच मोजायचं, अशी त्यांची पद्धत.

आता हॉल दोनमध्ये एक खांब आहे. वरच्या हॉलचं स्टेज त्याच्यावर उभं असल्यामुळे तो भलताच जाडजूड आहे. त्याच्या मागे एक खुर्ची होती, ती दारातून दिसायची नाही. आणि एक काका नेमके त्याच खुर्चीवर बसायचे. चौगुल्यांची मोजणी संपली की खांबामागून एक हात वर यायचा. चौगुले हवेत आणखी एक टिंब द्यायचे आणि निघून जायचे.

मी त्यांना खांबकाका म्हणायचो. खरं नाव मला माहीत नव्हतं. ते माझ्या आधीपासूनचे सभासद, मॅडमना चेहरे दिसायचे नाहीत, आणि इतके दिवस मान हलवून नमस्कार केल्यावर एखाद्याला "आपलं नाव काय?" विचारणं म्हणजे भांडण काढणं. चित्रपटानंतरच्या चर्चेत ते कधी बोलायचे नाहीत. मॅडमनी आग्रह केलाच तर उठून म्हणायचे, "छान होतं. जेवढं दिसलं तेवढं." यावर हॉलभर कौतुकाची कुजबुज व्हायची. एकदा एका चित्रकारानं हे वाक्य लिहून घेतलं होतं.

गेल्या दोन्ही महिन्यांत तो हात वर आला नव्हता. आजारी असतील, नाहीतर मुलीकडे गेले असतील, असं मी धरून चाललो होतो.

सहाला थोडा अवकाश होता. नेहमी उशिरा येणारे चौघे त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर आले. तेवीस. मी रस्त्यावर जाऊन दोन माणसं पकडून आणावीत या विचारात होतो, तेवढ्यात भवनाच्या पायऱ्या चढून पांढऱ्या कपड्यांतला एक मोठा घोळका आला. पुढे साठीच्या पलीकडच्या एक बाई, छातीशी धरलेली कापडी पिशवी, पिशवीत काहीतरी चपटं, चौकोनी.

मला लगेच कळलं. फळ्यावर मीच वाचलं होतं, 'हॉल एक (वर) : कै. वसंतराव आवटी शोकसभा.' ही वरची मंडळी होती.

"हॉल दोन हाच न्हवं?" बाईंनी विचारलं.

"हो. पण काकू, तुमचा कार्यक्रम..."

"कितीला सुरू होतोय?"

"सहाला."

"मग बसतो की."

आणि बसल्या. त्यांच्या मागची मंडळी त्यांच्या पाठीकडे बघून चालत होती. सगळे आत आले, चपला दाराशी काढल्या आणि ओळीनं बसले. फिल्म सोसायटीच्या इतिहासात चपला काढून बसलेला हा पहिला प्रेक्षकवर्ग. "वर जा" हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मग मला बाराव्या मजल्यावरचा कढीपत्ता दिसला आणि मी ते गिळले.

"मगदूम," मॅडम माझा दंड धरून म्हणाल्या, "मला दिसतंय ते खरं आहे का?"

"काय दिसतंय मॅडम?"

"पांढरं. भरपूर पांढरं."

"प्रेक्षक आहेत."

त्यांचे डोळे भरून आले. त्या तशाच माइकपाशी गेल्या. आमच्याकडे रिवाज होता, की ज्याचा चित्रपट आहे तो दिग्दर्शक वारलेला असेल तर आधी उभं राहून शांतता पाळायची. पूर्व युरोपातला तो दिग्दर्शक वारलेलाच होता. मला पुढचं सगळं दिसलं, पण दिसण्याचा उपयोग नव्हता.

"मित्रहो," मॅडम म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी आज आपण जमलो आहोत, ते आपल्यात नाहीत."

पांढऱ्या ओळींनी माना खाली घातल्या.

"त्यांनी आयुष्यभर नदी पाहिली. इतरांना पाणी दिसतं, त्यांना पाण्याची पातळी दिसायची."

"पाटबंधाऱ्यातच जन्म गेला," दुसऱ्या ओळीतले एक फेटेवाले शेजाऱ्याला म्हणाले.

"सरकारनं त्यांचं काम वर्षानुवर्षं दाबून ठेवलं."

"प्रमोशन," फेटेवाले म्हणाले.

"पण ते खचले नाहीत. विचारलं की म्हणायचे, मला घाई नाही."

"अगदी हेच म्हणायचा गा!" फेटेवाल्यांना राहवलं नाही. "ह्या बाई कोण? आपल्यातल्या दिसत न्हाईत, पण माणूस बरोबर ओळखलाय."

सगळे उभे राहिले. आमचे तेवीस दिग्दर्शकासाठी आणि उरलेले वसंतरावांसाठी. शांतता उत्तम झाली. मग दिवे गेले.

चित्रपटात एक बाई नदीकाठी बसून बटाटे सोलते. सुरुवातीचा बराच वेळ एवढंच आहे. आमच्या नेहमीच्या लोकांना त्यात युद्ध दिसतं. मी दाराशी उभा राहून अंधारात पांढरे कपडे मोजत होतो, कमी होत नाहीत ना याची खात्री करत.

"ही कोण म्हणायची?" एका आजींचा आवाज आला.

"त्यांच्या खात्यातली असंल."

"गोरी हाय की."

"वर्ल्ड बँकेची असणार. धरणाला आली असतील तवा."

"बटाटं कशाला सोलतीया?"

"तेराव्याचं असंल."

"वसूचा फोटो कधी दावणार मग?"

"आधी नदी दावतील. मग खातं. मग फोटो."

हे इतकं सुसंगत होतं, की क्षणभर मलाही पटलं. मध्यंतराला थोडाच वेळ उरला होता. एकदा चौगुल्यांनी मोजलं की झालं. मग हवं तर मी स्वतः एकेकाला हात धरून वर नेऊन बसवणार होतो. मी मनात गणपतीला, आणि गणपतीला चित्रपटातलं कळत नसेल तर म्हणून मारुतीलाही, सांगून ठेवलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. काठी, पांढरं धोतर, आणि मिशा.

"अरं, काय चाललंय काय हितं?"

"आप्पा," फेटेवाले उठून उभे राहिले, "बसा की. आत्ता नदी चालू हाय."

"कसली नदी? वर मी एकटा बसलोय तिघा वक्त्यांसंगं! आमदारांचा माणूस हार घिऊन ताटकळलाय! माझ्या सख्ख्या भावाची शोकसभा आणि तुम्ही हितं अंधारात पिक्चर बघताय?"

"ह्यो पिक्चर हाय व्हय?" आजी म्हणाल्या.

"मग काय वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं सरकारनं केलंय त्याच्यावर काहीतरी."

"उठा सगळी! शकू कुठाय?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "वर गेली असंल," कुणीतरी म्हणालं. आप्पांनी दारातून सगळा हॉल नजरेखाली घातला. ती दिसली नाही. मग त्यांनी काठी हलवली आणि अख्खं घराणं चपला शोधत, एकमेकांच्या घालत, जिना चढून वर गेलं.

मी भिंतीला टेकलो. पडद्यावरच्या बाईचा शेवटचा बटाटा संपला. दिवे लागले. कांदाभजीचा वास आला आणि त्याच्या मागून चौगुले आले.

ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे सांगायला हवं. प्रत्येक डोक्यावर त्यांनी पेन जरा जास्तच वेळ धरलं, मधल्या मध्ये एखादं उगवेल अशा आशेनं.

"तेवीस," ते म्हणाले, आणि सवयीनं खांबाकडे बघत थांबले.

खांबामागून एक हात वर आला. हातात एक पाटली होती.

"चोवीस," चौगुले जवळजवळ ओरडले.

मग पाटलीवाला हात खाली गेला, आणि खांबामागून एक फोटो वर आला. काचेची फ्रेम, चंदनाचा हार. हारातून खांबकाका आमच्याकडे बघत होते. मान थोडी झुकलेली, नमस्कार केल्यासारखी.

चौगुल्यांचं पेन हवेतच राहिलं.

"कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"खांबकाका आहेत मॅडम."

"आले का! मग झाले की पंचवीस!"

"मॅडम, फोटो आहे. हार घातलेला."

मॅडम खुर्चीचा आधार घेत खाली बसल्या. वरची मंडळी कोण होती, शांतता कुणासाठी पाळली गेली, हे आम्हा सगळ्यांना एकाच वेळी कळलं. काकू खांबाच्या आडून पुढे झुकल्या. पिशवी मांडीवर रिकामी होती.

"ह्यांना धरा," त्या चौगुल्यांना म्हणाल्या.

चौगुल्यांनी पेन खिशाला लावलं, पुन्हा काढलं. "माझी वैयक्तिक हरकत काही नाही ताई. नियमात बसवून बघतो." ते विचारात पडले. "नियमात 'जिवंत' असा शब्द कुठं नाही."

"नाहीच!" मी म्हणालो.

"'उपस्थित' असा आहे. तर आहेत उपस्थित. पण एका खुर्चीवर दोघांना कसं धरू?"

मी धावत जाऊन शेजारची खुर्ची खांबामागे ओढली. काकूंनी पदरानं काच पुसून फोटो तिच्यावर ठेवला.

"आता?"

"आता ठीक आहे." चौगुल्यांनी पेन उचललं. मॅडमनी माझं मनगट धरलं. पेन हवेत फोटोच्या दिशेनं निघालं.

त्याच क्षणी वरच्या हॉलचा लाउडस्पीकर छतातून, खांबातून, आमच्या डोक्यावर कोसळला. कुणीतरी वक्ता गहिवरून गरजत होता, "कोण म्हणतं वसंतराव गेले? वसंतराव गेलेले नाहीत! ते आज इथं, या सभागृहात, आपल्यामध्ये उपस्थित आहेत!"

पेन थांबलं. चौगुल्यांनी बोट छताकडे केलं.

"ऐकलंत ना? तिथं धरलंय त्यांना."

"अहो, ते बोलायची पद्धत म्हणून..."

"माइकवरून सांगितलंय सेक्रेटरी. शंभर माणसांनी ऐकलंय. एक इसम एका वेळी दोन हॉलमध्ये उपस्थित कसा दाखवू? उद्या कुणी विचारलं तर?"

"वर फोटोच नाही त्यांचा," काकू म्हणाल्या. "मी आणला की हिकडं. वर नुसत्या हाराला नमस्कार करतायत."

चौगुले व्याकूळ झाले. कपाळ पुसलं. "तुम्ही अर्ज द्या," ते शेवटी म्हणाले. "वर पाठवतो. माझ्या हातात असतं तर मी धरलं असतं. आजचा चित्रपट पूर्ण बघा, भजी माझ्याकडून." आणि पंचविसावं टिंब न देता ते गेले.

दिवे पुन्हा घालवले. मी काकूंच्या मागच्या ओळीत जाऊन बसलो. आता दाराशी उभं राहायचं कारण नव्हतं.

"काकू, तुम्ही चुकून नव्हता आला," मी हळूच म्हणालो.

"चुकून कशाला? बोर्ड वाचता येतोय मला. वर आप्पा बोलणार, आमदारांचा माणूस बोलणार. ह्यांना त्यातलं कोण ओळखत होतं? म्हटलं, जिथं जात होते तिथं सगळ्यांना नेऊन बसवावं एकदा." त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "दर महिन्याला घरी येऊन गोष्ट सांगायचे मला. भाकरी थापताना. सगळे पिक्चर पाठ हायत माझे."

"पण खांबामागं का बसायचे? तिथून दिसत नाही."

"हात वर करायला मिळायचा म्हणून. घरात आप्पा, हाफिसात साहेब. म्हणायचे, शकू, तिथं मी हात वर केला की आकडा पुढं सरकतो." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ही बाई कुणाशी बोलतीया?"

"नवऱ्याशी."

"कुठाय नवरा?"

मला समजायला वेळ लागला. त्यांच्या खुर्चीवरून पडद्याचा उजवा अर्धा भाग खांबानं खाल्ला होता. "या बाजूला बसा," मी म्हणालो. त्या उठून तीन खुर्च्या अलीकडे येऊन बसल्या. फोटो तिथंच राहिला.

पडद्यावर नदीच्या उजव्या काठाला एक माणूस उभा होता. तो पहिल्यापासून तिथं होता. ती बटाटे सोलत होती तेव्हाही तो तिच्याकडेच बघत होता.

काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आणि मग दोन्ही.

"आगं बाई, हाय की हितं! ह्यांच्या एकाही गोष्टीत नवरा नसायचा बघ. सगळ्या बायका आपल्या एकट्याच बोलायच्या. मी म्हणायची, आवो, ह्या साऱ्या बायकांचे नवरे जातात तरी कुठं? तर म्हणायचे, असतील गं. दिसले नाहीत."

चित्रपट संपल्यावर चर्चा झाली. मॅडमनी आम्हा सगळ्यांना सोडून खांबाकडे तोंड करून विचारलं, "आपल्याला काय वाटलं?" आणि रिवाजाप्रमाणे उत्तराची वाट पाहिली.

मॅडम आता पुण्यात असतात. ऑपरेशन झालं, कढीपत्ता मेला. काकू आप्पांना न सांगता कधी कधी फोन करतात आणि मी त्यांना नवीन पाहिलेल्या चित्रपटांच्या गोष्टी सांगतो, नवऱ्यांसकट. हॉल दोनमध्ये हल्ली साड्यांचे सेल लागतात. खांब आहे तसाच आहे. अर्ज मी त्याच आठवड्यात दिला होता. पोच मिळाली, उत्तर नाही. तेव्हापासून दर वर्षी नव्यानं देतो. यंदाचा असा :

मा. व्यवस्थापक,
अण्णाजी मोहोळकर सांस्कृतिक भवन, सांगली यांसी.

महोदय,

कै. वसंतराव आवटी यांना हॉल क्र. १ मधील उपस्थितीतून कार्यमुक्त करून, सदर शनिवारपुरते हॉल क्र. २ मध्ये हजर धरण्यात यावे व प्रेक्षकसंख्या पंचवीस झाल्याचे समजण्यात यावे. म्हणजे सोसायटी बंद पडली नाही असे होईल. तसेच हॉल क्र. २ मधील खांब पूर्वलक्षी प्रभावाने अशा रीतीने सरकवण्यात यावा, की कै. आवटी यांस त्यांच्या खुर्चीवरून पडद्याची उजवी बाजू दिसेल, परंतु दारातून ते आपणांस दिसणार नाहीत व त्यांना हात वर करावाच लागेल, ही नम्र विनंती.